आधी ठराव, मग तार : पीएलसीच्या कम्युनिकेशन मॉड्यूलविषयी प्रस्तावना

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एखाद्या मध्यम कारखान्यात गेलात, तर एकाच एक्स्ट्रूडर लाइनवर चार-पाच कंपन्यांचा माल सहज सापडतो. पीएलसी सीमेन्सचा, मोटारींचे ड्राइव्ह डेल्टाचे, बॅरलच्या झोनचे टेम्परेचर कंट्रोलर तिसऱ्याच कोणाचे, विजेचा मीटर चौथ्याचा आणि कटर जुन्या लाइनवरून काढून आणलेला. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी नीट चालते. मालकाची मागणी साधी असते. हे सगळे एका स्क्रीनवर दिसू दे. कोणत्या शिफ्टमध्ये किती युनिट जळले, किती मीटर पाइप निघाला, कोणता झोन थंड पडला, ते ऑफिसात बसून कळू दे. त्यासाठी पीएलसीला एक कम्युनिकेशन मॉड्यूल जोडावे लागते. सगळ्या लाइनच्या मानाने त्याची किंमत किरकोळ, बसवायला पाच मिनिटे पुरतात, आणि तरीही काम अडते ते नेमके तिथेच.

मॉड्यूल खराब निघाले म्हणून काम अडल्याची उदाहरणे थोडी. बहुतेक वेळा पाठवणारा ज्या वेगाने बोलतो त्या वेगाला ऐकणारा बसवलेला नसतो, दोन उपकरणांनी एकच पत्ता घेतलेला असतो, तार उलटी लागलेली असते, नाहीतर मीटरच्या पुस्तिकेत छापलेला रजिस्टर क्रमांक एकाने पुढे-मागे असतो. यांतले काहीही मॉड्यूलला आपणहून समजत नाही. ते माणसांनी आधी ठरवायचे, दोन्ही टोकांना सारखे भरायचे आणि लिहून ठेवायचे असते. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे की कम्युनिकेशनचे निम्मे काम लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर होते, आणि ते करायला बाहेरगावचा माणूस लागत नाही.

खानदेशातल्या वाचकाला हे समजावायला फार लांब जायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या आणि त्यांच्याखाली फडांत वाटलेली जमीन. पाणी एकच, शेते अनेक. कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचे ते पाटकरी पाहतो. शेतकरी आपल्या हाताने पाट फोडत नाही. आरएस-४८५ ची तार हा असाच एक पाट आहे. दोन तारांवर अनेक उपकरणे जोडलेली असतात, पण एका वेळी एकानेच बोलायचे. पीएलसी हा पाटकरी. तो नंबर घेऊन विचारतो, ‘सात नंबर, व्होल्टेज किती?’ सात नंबर उत्तर देतो आणि बाकीचे गप्प राहतात. दोन मीटरांना सात हाच नंबर दिला, तर दोघेही एकदम बोलू लागतात आणि पीएलसीच्या हाती कोणाचेच धड उत्तर लागत नाही. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते ते गावाने बसून ठरवलेल्या शिस्तीमुळे. तारेवरची शिस्तही कोणीतरी बसूनच ठरवावी लागते.

या शिस्तीचा आजही सर्रास वापरातला नमुना म्हणजे मॉडबस. १९६८ साली अमेरिकेत बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मोटार कारखान्यांतल्या रिलेंनी भरलेल्या पॅनलांऐवजी वापरता येईल असा कंट्रोलर आखला. तो त्यांचा ८४वा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव ०८४ पडले; ते बनवण्यासाठी काढलेल्या कंपनीचे नाव मॉडिकॉन. याच मॉडिकॉनने १९७९ मध्ये मॉडबस जाहीर केला. आरएस-४८५ हे मानक त्यानंतर, १९८३ साली आले. मॉडबस ही बोलण्याची रीत आहे, आरएस-४८५ हे ज्या तारेवर बोलायचे तिचे विजेचे नियम आहेत. हा फरक पहिल्याच दिवशी पक्का झाला पाहिजे, कारण बिघाड शोधताना पहिला प्रश्न तोच असतो: तार जिवंत आहे का, आणि असेल तर भाषा जुळते आहे का? वायरमनने तार पाहायची आणि प्रोग्रामरने भाषा, अशी वाटणी करून दोघे दोन दिशांना गेले की दुरुस्ती लांबते. दोन्ही बाजू एकाच माणसाला थोड्या-थोड्या तरी कळाव्यात, असा या पुस्तकाचा हट्ट आहे.

मॉडबस वापरायला कोणाला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणूनच आपल्याकडच्या मीटर आणि कंट्रोलर बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांनी तो सरसकट स्वीकारला. त्याहून वेगवान आणि हुशार पद्धती नंतर पुष्कळ आल्या. पण जिथे पाच घरचा माल एकत्र नांदवायचा आहे, तिथे मी आजही आधी मॉडबसच सुचवीन.

आता प्रत्यक्ष मॉड्यूलकडे येऊ. पुस्तकात उदाहरणासाठी सीमेन्सचा एस७-१२०० घेतला आहे. हा पीएलसी २००९ मध्ये आला. त्याच्या सीपीयूच्या उजवीकडे इनपुट-आउटपुटची मॉड्यूल बसतात आणि डावीकडे कम्युनिकेशनची, जास्तीत जास्त तीन. आपल्याला लागते ते सीएम १२४१, आरएस-४२२/४८५ वाले. सप्लाय बंद करायचा, सीपीयूच्या डाव्या अंगाचे झाकण काढायचे, मॉड्यूल जुळवून दाबायचे आणि दोन्ही मिळून डिन रेलवर बसवायचे. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेतल्या बऱ्याच पीएलसींना आरएस-४८५ चे पोर्ट अंगचेच असते, तिथे वेगळे मॉड्यूल लागत नाही. पुढचे सगळे मात्र त्यांनाही लागू आहे.

तारेपाशी थोडे थांबायला हवे. सीएम १२४१ च्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर तीन नंबरची पिन बी, म्हणजे धन, आणि आठ नंबरची ए, म्हणजे ऋण. कित्येक मीटरांवर आणि ड्राइव्हवर याच्या उलट असते: ए धन, बी ऋण. म्हणून अक्षर पाहून जोडू नका, अधिक-उण्याचे चिन्ह पाहा. चिन्हही नसेल तर दोन तारांची अदलाबदल करून पाहायला घाबरू नका, तेवढ्याने पोर्ट जळत नाही. जळू शकते ते शेजारच्या टर्मिनलवरची २४ व्होल्टची तार चुकून त्यात गेली तर. केबल पिळाच्या जोडीची आणि शील्डची घ्या. ती एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओळीने न्या. घरातल्या लाइटिंगसारखे जंक्शन बॉक्समधून फाटे फोडू नका. ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा. मग सप्लाय बंद ठेवून दोन तारांमध्ये मल्टीमीटर धरा. सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक राहून गेले आहे किंवा मध्ये तार तुटली आहे. ४० दिसले तर मधल्या कोणत्या तरी उपकरणाचा आतला रेझिस्टर चालू राहिला आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि ती न करता लॅपटॉप उघडणाऱ्याचा अख्खा दिवस वाया जाऊ शकतो.

कागद काढायचा तो यानंतर. उपकरणाचे नाव, पत्ता, वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, कोणते रजिस्टर वाचायचे, त्यात काय भरलेले असते आणि ते कितीने भागायचे, एवढे रकाने आखा. मॉडबसच्या मानकात मुळात १९२०० चा वेग आणि सम पॅरिटी सांगितली आहे, पण बाजारातले पुष्कळ मीटर ९६०० आणि विनापॅरिटी असे बसवून येतात. डेल्टाच्या काही ड्राइव्हची कंपनीची सेटिंग तर आस्की पद्धतीची, सात बिटांची असते. बाकीची उपकरणे ज्या आरटीयू पद्धतीने बोलतात, तिच्यावर तो ड्राइव्ह वळवल्याशिवाय ओळीत सामील होत नाही. सगळ्यांना मान्य होईल असा एकच वेग आणि एकच पॅरिटी निवडायची, आणि प्रत्येक उपकरणाच्या पुढे जाऊन, बटणे दाबून ती भरायची. हा भाग कंटाळवाणा आहे. तो टाळता येत नाही.

प्रोग्राममध्ये दोनच मुख्य ब्लॉक आहेत. एमबी_कॉम_लोड पोर्टला वेग आणि पॅरिटी सांगतो. तो पीएलसी चालू झाल्यावर एकदा चालला की पुरे. एमबी_मास्टर प्रत्यक्ष विचारपूस करतो. एका पोर्टवरच्या सगळ्या एमबी_मास्टरना एकच इन्स्टन्स डेटा ब्लॉक द्यायचा, आणि एकाचे काम डन किंवा एररने संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरू करायचे नाही. नवा प्रोग्रामर दहा ब्लॉक एकदम चालू करतो आणि मग मॉड्यूलला दोष देतो. पाटकऱ्यानेच दहा दारे एकदम उघडल्यावर पाण्याला काय बोलणार!

पत्त्यांचा गुंता एका उदाहरणाने उलगडतो. डेल्टाच्या ईएल मालिकेसारख्या ड्राइव्हला वारंवारता सांगायचे रजिस्टर २००१ आहे, पण हा आकडा षोडशमान पद्धतीतला. दशमानात तो होतो ८१९३. मॉडिकॉनच्या जुन्या पद्धतीत पहिल्या होल्डिंग रजिस्टरला ४०००१ म्हणतात, आणि तारेवर त्याचा क्रमांक शून्य असतो. म्हणून ४०००१ मध्ये ८१९३ मिळवायचे, आणि एमबी_मास्टरला ४८१९४ हा पत्ता द्यायचा. मोटार ५० हर्ट्झवर चालवायची असेल तर तिथे ५००० लिहायचे, कारण दशांशचिन्हाच्या पुढची दोन घरे त्यात धरलेली असतात. एवढी बेरीज ज्याला एकदा स्वतःच्या हाताने करता आली, त्याला पुढे कोणत्याही कंपनीची पुस्तिका वाचता येते. मीटरचे आकडे बहुधा दोन रजिस्टरांत मिळून येतात. त्यांचा क्रम उलटा वाचला गेला तर २३० व्होल्टच्या जागी भलताच आकडा दिसतो. तेव्हा मीटर बदलायचा नसतो, दोन शब्दांची जागा बदलायची असते.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. ९६०० च्या वेगाने एक अक्षर जायला सव्वा मिलिसेकंदाहून थोडे कमी लागते. प्रश्न आठ अक्षरांचा, दहा रजिस्टरांचे उत्तर पंचवीस अक्षरांचे, मध्ये साडेतीन-साडेतीन अक्षरांइतकी शांतता, आणि उपकरणाला विचार करायला लागणारा वेळ. सगळे मिळून एका उपकरणामागे साठेक मिलिसेकंद धरले, तर पंधरा उपकरणांची फेरी सेकंदाच्या आत पुरी होते. आता त्यातला एक मीटर बंद पडला आणि उत्तराची वाट एक सेकंद पाहायची असे ठरलेले असेल, तर फेरी एकदम दुप्पट लांबते. गप्प उपकरणाला आणखी दोनदा विचारायची सोय चालू असेल तर चौपट. स्क्रीन मधूनच संथ होते अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच पाहतो: ओळीत कोण गप्प आहे?

इथवरचे सगळे जगातल्या कोणत्याही कारखान्यात सारखेच. खानदेशात आणखी दोन गोष्टी धरून चालावे लागते, ऊन आणि माती. शेतकरी पाइप टाकतो तो खरिपाच्या आधी, त्यामुळे पाइपच्या कारखान्यांचा जोर नेमका एप्रिल-मेमध्ये असतो, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेडच्या पत्र्याखाली, बंद पॅनलमध्ये, ड्राइव्हच्या शेजारी याहून पुष्कळ जास्त तापते. एस७-१२०० आडवा बसवला तर भोवतालच्या ६० अंशांपर्यंत चालतो, उभा बसवला तर ५० पर्यंतच. त्याच्या वर आणि खाली २५ मिलिमीटर मोकळी जागा लागते. जागा वाचवायला कोणी पीएलसी उभ्या रेलवर चढवत असेल, तर त्याला हे दोन आकडे दाखवा. जिनिंगमध्ये याच्या जोडीला सरकी-कापसाचे तंतू येतात. पंख्याची जाळी त्यांनी बुजली की पॅनलचा श्वास बंद होतो.

मातीचे दुखणे दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घातले नाही, तर त्याचा रोध वाढत जातो. दोन शेडना वेगवेगळे अर्थिंग असेल तर त्यांच्या जमिनीच्या पातळीत काही व्होल्टचा फरक पडतो. आरएस-४८५ असा फरक उणे ७ पासून अधिक १२ व्होल्टपर्यंत सोसते, त्यापुढे नाही. पावसाळ्यात सुरळीत चालणारे कम्युनिकेशन मे महिन्यात दुपारी तुटू लागले, तर उष्णतेइतकाच संशय अर्थिंगवर घ्या. दोन इमारतींच्या मध्ये आयसोलेटेड रिपीटर लावण्याचा खर्च मला कधीच फाजील वाटत नाही. वळवाच्या विजा सुरू झाल्या की तो खर्च वसूल होतो.

एका बाबतीत या पुस्तकात कुठेही सवलत दिलेली नाही. इमर्जन्सी स्टॉप कम्युनिकेशनवर टाकायचा नाही. तो तारेने, थेट, सेफ्टी रिलेतून गेला पाहिजे. रोलरमध्ये कोणाचा हात सापडलेला असताना पीएलसी पंधरा मीटरांची विचारपूस करत बसलेला नको. याच्या जोडीला, तार तुटली तर प्रत्येक ड्राइव्हने काय करायचे हेही ठरवावे लागते. अनेक ड्राइव्हमध्ये ही तपासणी मुळात बंद असते: पीएलसी गप्प झाला तरी मोटार शेवटच्या हुकमावर फिरत राहते. पाण्याच्या पंपाला एक वेळ ते चालेल. पाइपच्या लाइनवर मात्र नीट विचार करायला हवा. पाइप ओढणारा हॉल-ऑफ थांबला आणि एक्स्ट्रूडर चालू राहिला, तर डायपाशी मालाचा ढीग होतो. एक्स्ट्रूडर थांबला आणि हीटर तसेच तापत राहिले, तर बॅरलमधला पीव्हीसी जळतो आणि त्यातून आम्लाचा धूर निघतो. कोणी आधी थांबायचे, कोणी मागून, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवायचे नसते. लाइन चालवणाऱ्या ऑपरेटरला शेजारी बसवून ठरवायचे असते. हा संवाद मराठीत, अहिराणीत, तावडीत, जसा जमेल तसा झाला पाहिजे. परक्या भाषेतल्या पुस्तिकेपुढे ऑपरेटर गप्प बसतो, आणि कारखान्याचे सगळ्यात मोलाचे ज्ञान तिथेच अडून राहते.

ही विद्या पाइपपुरती नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. तालुक्यातच ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत. इतक्या मोठ्या ठिकाणी नियंत्रणाची व्यवस्था वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची असते, तरी सौर क्षेत्रात इन्व्हर्टर आणि मीटर यांचे आकडे गोळा करायला आरएस-४८५ आणि मॉडबस सर्रास वापरतात. जळगावच्या डाळमिली, धुळ्याचे अवधान आणि शिंदखेड्याचे नरडाणा इथल्या औद्योगिक वसाहती, नगरपालिकांचे पाणीपुरवठ्याचे पंप, आणि जैन उद्योगामुळे जळगावचे नाव ज्याच्याशी जोडले गेले ते ठिबक सिंचन, या सगळ्यांत कुठे ना कुठे ही दोन तारांची ओळ भेटते. ठिबकच्या फिल्टरवरचा दाब, व्हॉल्व्हची उघडझाप, विहिरीवरच्या पंपाचा ड्राइव्ह यांना एका सूत्रात आणायचे काम उद्या शेतकऱ्याच्याच मुलापुढे येणार आहे.

जळगाव आणि धुळ्याची शासकीय तंत्रनिकेतने, दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआय, शिरपूरचे आर. सी. पटेल महाविद्यालय इथून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. त्यांना लॅडर येते, रिले कळतो, मोटारीचे कनेक्शन करता येते. मॉड्यूलवरचा लाल दिवा लागला की मात्र फोन जातो नाशिकला नाहीतर पुण्याला, आणि माणूस येईपर्यंत लाइन उभी राहते. तो माणूस येऊन जे करतो, त्यातले बहुतेक या पानांवर आहे. तो हुशार असतो यात शंका नाही. पण जाताना तो सेटिंग लिहून ठेवतोच असे नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलवावे लागते. हे मला मनापासून खटकते. यंत्र ज्याच्या अंगणात आहे, त्याची माहितीही त्याच्याकडेच असली पाहिजे.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. पॅनल समोर उघडा असेल तर थेट तारेच्या प्रकरणाकडे जा. नवी लाइन आखत असाल तर आधी पत्त्यांचे प्रकरण वाचा. ज्यांच्याकडे आता इथरनेटचे पोर्ट असलेले मीटर येत आहेत त्यांच्यासाठी मॉडबस टीसीपीवर वेगळे प्रकरण आहे. तिथे पॅरिटीची कटकट संपते आणि आयपी पत्त्यांची सुरू होते. शेवटी कोरे तक्ते दिले आहेत, वर सांगितलेल्या रकान्यांचे. ते शाईने भरा, खाली तारीख आणि भरणाऱ्याचे नाव घाला, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा, आणि पुढे जो कोणी सेटिंग बदलेल त्याने त्याच कागदावर लिहूनच दार लावायचे, असे कारखान्यात ठरवून टाका.